चौसष्टांतील एक

गेली अठ्ठावीस वर्षे मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवीत आलो आहे, आणि या अवधीत माझ्या वर्गात सर्वांत अधिक वेळा येऊन गेलेला प्राणी म्हणजे घोडा. सर्व घोडे चतुष्पाद आहेत. हा घोडा आहे. सबब हा चतुष्पाद आहे, हे प्रमेय मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल याची गणती नाही. परंतु फळ्यावरील घोड्यास दाणावैरण लागत नाही, तो लाथ मारीत नाही आणि आजारीही पडत नाही. खराखुरा घोडा जवळून पाहण्याचा योग मला वयाची ५० वर्षे उलटून गेल्यावर आला, आणि त्या एका भेटीने माझ्या तर्कशास्त्रातील एका उदाहरणाचा कायमचा निकाल लावला. ती हकीकत सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

माझे एक बालस्नेही पशुवैद्य आहेत. सरकारी नोकरी मुदतीपूर्वीच सोडून ते पुण्याच्या पूर्वेस एका तालुक्याच्या गावी स्थायिक झाले आहेत. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुटीत मी त्यांच्याकडे चार दिवस राहावयास गेलो होतो. दुसऱ्याच दिवशी सकाळी एका बागाईतदार पाटलांकडून त्यांना बोलावणे आले. पाटलांस घोड्यांचा नाद. ऊस आणि द्राक्षे यांतून सुटलेला पैसा ते घोड्यांत घालीत आणि त्याचा हिशेब घरात कोणास देत नसत. त्यांच्या तबेल्यात चार घोड्या होत्या. त्यांतील 'चांदणी' नावाच्या अबलख घोडीपुढे आम्हांस नेऊन उभे करण्यात आले.

जनावर दिसावयास अत्यंत देखणे होते. कानांची टोके एकमेकांस भिडलेली, मान कमानदार, डोळा पाणीदार. मात्र शेजारच्या तिघींपेक्षा उंचीने ती थोडी कमी भरत होती. गळ्याखाली 'देवमण' नावाचा शुभ भोवरा होता. पाटलांनी तो आम्हांस बोट लावून दाखविला. घोड्याच्या अंगावरील भोवऱ्यांवरून त्याचे आणि त्याच्या धन्याचे भविष्य सांगण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. शालिहोत्राच्या परंपरेतील संस्कृत ग्रंथांत तिला मानाचे स्थान आहे, आणि घोडेबाजारात आजही सौदा ठरण्यापूर्वी भोवरे पाहिले जातात. चांदणीचे सर्व भोवरे निर्दोष होते. तरीही तीन हंगाम उत्तम वळू घोड्याकडे नेऊनही ती एकदाही गाभण राहिली नव्हती.

"वांझ निघाली, डॉक्टरसाहेब," पाटील म्हणाले. "भोवरे दाखवून व्यापाऱ्यानं फसवून गळ्यात मारली माझ्या."

हे दोन्ही शब्दप्रयोग मी ऐकले आणि का कोण जाणे, मला तेथे उभे राहवेना. हे दोन्ही मी पूर्वी आमच्या घरात ऐकलेले होते. त्याविषयी पुढे सांगेन.

डॉक्टरांनी घोडीस खोड्यात उभी केली, खांद्यापर्यंत रबरी मोजा चढविला आणि गुदमार्गे हात घालून आतील इंद्रिये चाचपली. निरोगी घोडीचा बीजकोश कोंबडीच्या अंड्याएवढा, क्वचित त्याहूनही मोठा असतो आणि हंगामात त्यावर बीजाचे फुगीर पुटक हातास लागते. चांदणीचे दोन्ही बीजकोश घेवड्याच्या दाण्याएवढे, कठीण आणि गुळगुळीत होते. गर्भाशय होते, परंतु ते लहान व शिथिल. यंत्राच्या पडद्यावरही तेच दिसले. "माजावर कधी येते?" या प्रश्नावर पाटलांच्या गड्याने डोके खाजविले. कधी महिनोन् महिने नाही, कधी लागोपाठ, असे त्याचे उत्तर होते. डॉक्टरांनी मानेच्या शिरेतून थोडे रक्त काढले, ते गोठू नये असे द्रव्य घातलेल्या नळीत भरले, आणि बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेकडे रवाना केले. "महिनाभराने सांगतो," एवढेच ते बोलले.

परतताना वाटेत मी त्यांस छेडले. मला वाटले होते की हा मनुष्य काही औषध देईल, निदान एखादे नाव तरी सांगेल. "नाव आहे," ते म्हणाले, "पण तुला ते अक्षरांत कळायचे नाही, आकड्यांत सांगावे लागेल." आणि मग त्या रात्री अंगणात बाजेवर पडून त्यांनी मला जे सांगितले, त्याने मी इतका गुंग झालो की मध्यरात्र केव्हा उलटली ते कळले नाही.

घोड्याच्या शरीरातील प्रत्येक पेशीत ६४ गुणसूत्रे असतात. मनुष्याची ४६, गाढवाची ६२. या ६४ मध्ये बापाकडून आलेली ३२ आणि आईकडून आलेली ३२ अशा जोड्या असतात. ३१ जोड्या नर व मादी यांत सारख्याच; बत्तिसावी जोडी तेवढी लिंग ठरविणारी. घोडीत तेथे दोन एक्स असतात, घोड्यात एक एक्स व एक वाय. घोड्याचे एक्स हे आकाराने मोठे, साऱ्या संचात दुसऱ्या क्रमांकाचे. वाय अगदी चिमुकले. आईच्या पोटात जीव धरण्यापूर्वी अथवा धरल्यावर लगेच, पेशींचे विभाजन होत असता या मोजदादीत कधी चूक होते. एखादे सूत्र मागे राहते, हरवते. दोनांपैकी एक एक्स असे हरवले की ६३ सूत्रांची घोडी जन्मास येते. हा प्रकार एका अपत्यहीन घोडीत आढळल्याचे प्रथम १९६८ साली प्रसिद्ध झाले, आणि गुणसूत्रांच्या दोषाने ज्या घोड्या निपजत नाहीत त्यांत हाच प्रकार सर्वांत अधिक आढळतो. शिंगरू म्हणून ती जन्मते तेव्हा तिच्यात काहीही वावगे दिसत नाही. ती उठते, दूध पिते, उड्या मारते. दोष उघडकीस येतो तो तीनचार वर्षांनी, तिच्याकडून शिंगराची अपेक्षा होऊ लागते तेव्हा.

"म्हणजे दोष कोणाचा?" मी माझ्या व्यवसायास अनुसरून विचारले.

"कोणाचाच नाही. आईचा नाही, बापाचा नाही, रक्ताचाही नाही. घराण्यात चालत आलेली ही गोष्ट नव्हे. लेखनिकाने हस्तलिखित उतरविताना एक ओळ गाळावी, तसे आहे हे."

मग डॉक्टरांस रंग चढला. चाळीसएक मिनिटे ते केवळ शिंगरांच्या जन्माविषयी बोलत होते, आणि मला प्रथमच असे वाटले की ज्यास आपण निरोगी जन्म म्हणतो, तो अनेक लहान लहान कामे वेळेवर उरकल्याचा परिणाम असतो. घोडी ११ महिने गर्भ वागविते. त्या अवधीत गर्भाच्या मूत्राशयापासून बेंबीतून नाळेत जाणारी एक नळी उघडी असते. जन्मताना नाळ तुटली की ती मिटावयास हवी. न मिटल्यास बेंबीतून मूत्र ठिबकत राहते आणि त्या वाटेने रोगजंतू आत शिरतात. कित्येकदा मूत्रपिंडाकडून येणारी वाहिनी मूत्राशयास मिळण्याऐवजी त्याच्या पुढे भलतीकडेच उघडते; मग ते शिंगरू जन्मापासून सतत ओले राहते आणि त्याच्या मागच्या पायांची कातडी सोलवटून निघते. मालक त्यास घाणेरड्या सवयीचे म्हणतो. मूत्राशयाची भित्ती जन्मतःच दुबळी असेल किंवा प्रसूतीच्या दाबाने फाटली असेल तर प्रकरण अधिक कठीण. असे शिंगरू, बहुधा ते नरच असते, पहिला एक दिवस चांगले दिसते. दुसऱ्यातिसऱ्या दिवशी कुंथू लागते, पोट फुगते, दूध टाकते. मूत्र पोटात साचते, रक्तातील पोटॅशियम वाढते, आणि हृदयाचा ठोका चुकू लागतो. गडीमाणसे मळ अडला म्हणून एनिमा देत बसतात. डॉक्टरांनी अशी काही शिंगरे वाचविली होती आणि काही त्यांच्या हातात गेली होती. आधी रक्तातील क्षारांचा तोल सावरावयाचा आणि मगच पोट उघडावयाचे, हा क्रम चुकला तर शिंगरू भुलीतच जाते. हे एका पहाटे आपण कसे शिकलो, ते सांगून ते थोडा वेळ गप्प राहिले.

परंतु मला अधिक चकित केले ते दुसऱ्या एका गोष्टीने. घोड्याच्या गर्भाची जननग्रंथी, मग ती नराची असो की मादीची, सातव्याआठव्या महिन्याच्या सुमारास अचाट वाढते. ती खुद्द आईच्या बीजकोशांपेक्षाही मोठी होते आणि जन्मापूर्वी पुन्हा आकसते. या ग्रंथी व वार यांच्या संयुक्त कारभारातून स्त्रीत्वाचा रस इतका निर्माण होतो की गाभण घोडीच्या मूत्रात तो विपुल उतरतो. त्यापासूनच तयार केलेले 'प्रीमारिन' नावाचे औषध १९४२ साली अमेरिकेत बाजारात आले आणि जगभर असंख्य स्त्रियांनी ते घेतले. ज्यांच्या शरीरात तो रस जन्मतःच तयार होत नाही अशा मुलींसही ते देण्यात आले. न जन्मलेल्या शिंगराने आपल्या गरजेपुरते केलेले काम कोठल्या कोठे पोहोचले, हे पाहून मनुष्यास थोडे नम्र व्हावेसे वाटते.

नर शिंगराच्या बाबतीत ही वाढलेली ग्रंथी वेळेवर आकसली नाही, तर तिला पोटातून खाली उतरण्याचा दरवाजा अरुंद पडतो. जन्मानंतर सुमारे दोन आठवड्यांत तो दरवाजा मिटतो. जे वृषण आत राहिले ते राहिले. शरीराच्या उष्णतेमुळे तेथे बीज तयार होत नाही, परंतु पुरुषत्वाचा रस मात्र तयार होत असतो. त्यामुळे बाहेरचे एक काढून 'खच्ची' म्हणून विकलेला घोडा नव्या मालकाच्या घोड्यांमागे धावू लागतो आणि तंटे उपस्थित होतात. उलट दोन्ही जागच्या जागी ठेवले तर खाली उतरलेल्या एका वृषणाच्या बळावर तो बाप होऊ शकतो, आणि त्याचे व्यंग पुढच्या पिढीत उतरण्याचा संभव असतो.

"आणि गंमत पाहा," डॉक्टर म्हणाले, "अशा घोड्याला लोक तक्रार न करता वळू म्हणून वापरतात. ज्याचे व्यंग पुढे पसरू शकते त्याला पागेत मान, आणि जिचे व्यंग तिच्याबरोबरच संपणार तिला शिव्या."

निसर्गाच्या या कारभारात आणखीही चमत्कार आहेत. काही घोड्या बाहेरून सर्वस्वी घोड्या असतात, परंतु त्यांची गुणसूत्रे पाहावी तर ६४ आणि त्यांत एक्स व वाय, म्हणजे नराची! वायवरील जो लहानसा अंश गर्भास नर बनवितो तोच गळालेला असतो, आणि गर्भ मादीच्या वाटेने जातो. अशा घोड्यांपैकी कोणी धावण्यात पटाईत असते, कोणी उंचीपुरी असते; फक्त त्यांना शिंगरू होत नाही. पण या सर्वांत मला विशेष वाटले ते खेचराचे. गाढवापासून घोडीस होणारे खेचर घोडीची ३२ आणि गाढवाची ३१ सूत्रे घेऊन येते. म्हणजे त्याचीही बेरीज ६३. चांदणीत एक हरवले म्हणून ६३, आणि खेचराची ती जन्मजात मिळकतच ६३. कारणे भिन्न, आकडा एक, आणि फळही एकच. खेचरी, विरळा अपवाद सोडल्यास, विणे जाणत नाही. हिरोडोटसच्या इतिहासात एका बाबिलोनी माणसाने 'खेचरी वितील तेव्हा तुम्ही आमचे शहर घ्याल' असे शत्रूस हिणविल्याची कथा आहे, आणि आपल्या संस्कृत कवींनी अश्वतरीचा गर्भ तिच्याच नाशास कारण होतो असा दृष्टान्त दिला आहे. परंतु खेचरीस वांझ म्हणून कोणी हिणवीत नाही. तिची किंमत ठरते ती ती डोंगराच्या वाटेने किती ओझे नेईल यावर. तिच्याकडून कोणी शिंगराची अपेक्षाच केलेली नसते. मग अपेक्षाभंग कोठून?

येथवर मी ऐकत होतो तो एका जिज्ञासू मनुष्याच्या वृत्तीने. नंतर मी विचारले, "माणसांतही असे होत असेल काय?"

"होते तर," ते म्हणाले. "एक एक्स कमी असलेल्या मुली जन्मतात. साधारण दोन-अडीच हजार मुलींमागे एक. टर्नर नावाच्या अमेरिकी डॉक्टराने १९३८ साली त्यांचे वर्णन केले आणि कारण १९५९ साली सापडले. उंची खुंटते, बीजकोश वाढत नाहीत, मुलगी वयात येत नाही. बुद्धीने बहुधा चारचौघींसारखीच असते. आणि एक लक्षात ठेव. असे बहुतेक गर्भ जन्मापर्यंत टिकतच नाहीत. ज्या जन्मतात त्या मोठ्या चिवट."

ते झोपी गेले. मी जागा राहिलो.

माझ्या वडिलांची थोरली बहीण आमच्या घरी राहत असे. तिचे लग्न १९५६ साली झाले आणि १९६२ साली तिला माहेरी पोहोचविण्यात आले. मी जन्मलो तेव्हा ती घरात होतीच. माझ्या लेखी ती घराचाच एक भाग होती. ती ठेंगणी होती. नवव्या वर्षी माझे डोके तिच्या खांद्यास लागत होते आणि बाराव्या वर्षी मी तिच्याहून उंच झालो. तिला न्हाण कधी आलेच नाही, ही गोष्ट माझ्या आजीने माझ्या आईस दबक्या आवाजात सांगितलेली मी ऐकली होती. तिचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी उमगला. आजोबांनी ती गोष्ट लग्नाच्या वेळी झाकून ठेवली होती. लग्न झाले की सर्व सुरळीत होईल, असे त्यांस कोणी वैद्याने सांगितले होते की त्यांनी स्वतःच्या मनाची समजूत घातली होती, हे आता कळण्यास मार्ग नाही. सासरच्या मंडळींचे म्हणणे एकच होते: "फसवून गळ्यात मारली."

आत्या आमच्या घरी पहाटे उठे आणि सर्वांच्या मागून निजे. आम्हां पाच भावंडांच्या न्हाऊमाखूपासून अभ्यासापर्यंत सर्व तिच्याकडे होते. मला पाढे तिने शिकविले. तर्कशास्त्राच्या पदवीवर माझे नाव आहे, परंतु 'असे का?' हा प्रश्न विचारण्याची खोड मला तिने लावली. मात्र घरात डोहाळजेवण असले की ती माजघरात दिसत नसे. ओटी भरण्याच्या वेळी ती विहिरीवर काही ना काही काम काढून बसे. तिला कोणी तसे सांगत नव्हते. तिला सांगावे लागत नव्हते.

मी दहा वर्षांचा असताना एकदा तिने माझी पतंगाची चक्री काढून ठेवली. परीक्षा जवळ आली होती. मी रागाने भांडलो, आणि तिच्यापाशी शब्द संपवून टाकणारा असा कोणता शब्द आहे, हे मुलांना जसे नेमके कळते तसे मला कळले. मी म्हणालो, "तू वांझ आहेस, तुला काय कळतंय मुलांचं!" स्वयंपाकघरात माझी आई होती, आजी होती. कोणी काही बोलले नाही. आत्याने चक्री आणून माझ्या हातात दिली आणि ती तांदूळ निवडावयास बसली. त्या दिवशी मला कोणी मारले असते तर फार बरे झाले असते.

ती २००४ साली वारली. मी तिची कधी क्षमा मागितली नाही. प्रसंग मिळाला नाही असे नव्हे. चोवीस वर्षे प्रसंगच होते. आपण विसरलो आहोत असे ती दाखवीत असे, आणि ते मला सोयीचे होते.

आता, आत्याच्या बाबतीत नेमके काय झाले होते हे मी सांगू शकत नाही. तिच्या रक्ताची परीक्षा कोणी केली नाही. डॉक्टरांकडे तिला नेलेच नव्हते, नवसास नेले होते. तर्कशास्त्राचा शिक्षक या नात्याने मला हे पक्के ठाऊक आहे की लक्षणांच्या साम्यावरून कारणाचे ऐक्य सिद्ध होत नाही. न्हाण न येण्याची आणि उंची खुंटण्याची कारणे अनेक असू शकतात. तरीदेखील त्या रात्री बाजेवर पडल्या पडल्या मी वर्षांचा हिशेब करीत राहिलो. १९५९ साली हे कारण विलायतेतील वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले, तेव्हा आत्या सासरी होती आणि तिला एका देवस्थानाहून दुसऱ्या देवस्थानी नेण्यात येत होते. तिच्यासारख्या मुलींसाठी औषध त्यापूर्वीच निघाले होते. त्याने तिला मूल झाले नसते हे खरे. परंतु ती वयात आली असती, आणि मुख्य म्हणजे कोणीतरी कागदावर लिहून दिले असते की यात हिचा अपराध नाही. तो कागद तिला मिळाला नाही. तिला शब्द मिळाला.

महिन्याभराने डॉक्टरांचे पत्र आले, सोबत प्रयोगशाळेच्या अहवालाची प्रत. रक्तातील पांढऱ्या पेशी तीन दिवस पोषक द्रवात वाढवून, ऐन विभाजनाच्या क्षणी कोल्चिसिनाने थोपवून, त्यांतील सूत्रांचे छायाचित्र घेतलेले होते. छायाचित्रातील सूत्रे कापून जोडीजोडीने, उंचीच्या क्रमाने मांडली होती. शाळेच्या कवायतीत मुलांस उभे करतात तशी. ३१ जोड्या पूर्ण होत्या. शेवटच्या जागी एकच एक्स उभे होते. खाली लिहिले होते: ६३, एक्स.

मी पुन्हा त्या गावी गेलो. खरे सांगावयाचे तर मला चांदणीचे पुढे काय होते ते पाहावयाचे होते. पाटलांच्या ओसरीवर डॉक्टरांनी अहवाल वाचून त्याचा अर्थ सांगितला. पाटील बराच वेळ त्या छायाचित्राकडे पाहत होते. मग त्यांनी मनातील गोष्ट काढली. मार्गशीर्षात दत्तजयंतीस तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. तेथे घोडीस नेली तर रूप पाहून चांगली किंमत येईल. देवमण आहे, वय थोडे आहे. कागद दाखविलाच पाहिजे असे थोडेच आहे? आपल्यास जशी मिळाली तशी पुढे द्यावी.

"द्या," डॉक्टर म्हणाले. "पण मग त्या व्यापाऱ्याला फसव्या म्हणू नका. त्याला निदान ठाऊक नसेल. तुम्हांला ठाऊक आहे."

पाटलांस ते झोंबले. ते म्हणाले, "साहेब, तीन वर्षांचा दाणावैरण, वळूची फी, हे सारं मी कुठून भरून काढू?" आणि हा प्रश्न खोटा नव्हता. नीती सांगणाऱ्याचे त्यात काही जात नसते, हे मला तेथे बसल्या बसल्या फार स्पष्ट दिसत होते. आजोबांचा विचार माझ्या मनात आला. त्यांच्याजवळ असा कागद असता तर त्यांनी तो दाखविला असता काय? आणि दाखविला असता तर आत्याचे लग्न झाले नसते. मग तिला लोकांनी दुसरा एखादा शब्द दिला असता. कागदाने सर्वच सुटते असे नाही.

पाटलांची आई ओसरीच्या कडेस भुईमुगाच्या शेंगा फोडीत बसली होती. वय ऐंशीच्या घरातले. तिने विचारले, "डाक्तर, घोडी कामाला धड हाय न्हवं?"

"एकदम धड आहे, आजी. बसायला हिच्यासारखी घोडी या चार गावांत नाही. गाभण राहण्याची कटकट नाही, दहापंधरा वर्षे धावेल."

"मग ऱ्हाऊ द्या की. पोरगी बसतीया तिच्यावर." आणि थोड्या वेळाने, शेंगांवरून नजर न काढता, ती म्हणाली, "आन तिला वांज वांज म्हनू नगा दारात. जनावराला कळतंय."

जनावरास कळते की नाही हे मी सांगू शकत नाही. पण म्हातारीस ते का सांगावेसे वाटले, त्या ओसरीवर तिने जन्मभर काय काय ऐकले असेल, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. पाटील काही बोलले नाहीत. दत्तजयंती आली आणि गेली, आणि घोडी बाजारात गेली नाही, असे डॉक्टरांनी मला कळविले. पाटलांची धाकटी मुलगी सकाळी तिच्यावर बसून शेताच्या बांधाने फेरी मारते. अहवाल पाटलांनी कपाटात सातबाराच्या उताऱ्याबरोबर ठेवला आहे. उद्या त्यांचा विचार पालटणारच नाही असे मी म्हणत नाही. परंतु घोडी विकलीच तर कागदासह विकीन, असे त्यांनी डॉक्टरांस सांगितले आहे.

आता माझ्यापुरते. आमच्या शास्त्रात 'जे असूच शकत नाही' त्याचे उदाहरण म्हणून एक शब्द परंपरेने चालत आला आहे: वंध्यापुत्र. पूर्वसूरींनी तो ससाच्या शिंगाबरोबर आणि आकाशातल्या फुलाबरोबर एका रांगेत बसविला. मीही सव्वीस वर्षे तो फळ्यावर लिहीत होतो. वर्गात प्रतिवर्षी थोडे हसू पिके आणि मला तो आपल्या अध्यापनाचा गुण वाटे. चाळीस-पन्नास मुलामुलींच्या त्या वर्गात, दोन-अडीच हजारांत एक या हिशेबाने, माझ्या साऱ्या नोकरीत एखादी तशी मुलगी बसून गेली असण्याचा संभव किती, हे मी कधी मोजले नव्हते. गेल्या वर्षापासून मी ससाच्या शिंगावर काम भागवितो. तर्काच्या दृष्टीने दोन्ही उदाहरणे सारखीच पक्की आहेत.

तिसऱ्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने जुन्या टिपणांत तो शब्द पाहून मला विचारलेही, "सर, वंध्यापुत्र का गाळला?" मी त्यास म्हणालो, "त्या उदाहरणात एक चूक होती." कोणती, ते त्याने विचारले नाही, आणि विचारले असते, तर मला आत्यापासून आरंभ करावा लागला असता.